गोंगाट कुणाचा, कान कुणाचा?

शंकेखोर : तू दिलेली फिनलंडची ध्वनिमुद्रणं मी शेवटपर्यंत ऐकली. आता मला सरळ सांग, यात तुला नेमकं सापडतं काय? सूर नाही, ताल असला तर यंत्राचा, शब्द असले तर किंचाळून ओळखू न येण्याजोगे केलेले. पत्रा घासल्याचा, ट्रान्सफॉर्मर घरघरल्याचा, माइकने शिट्टी मारल्याचा आवाज, आणि तोही वीस-वीस मिनिटं. पारनेरमध्ये राहणारा माणूस दिवसभर याच आवाजांतून वाट काढत असतो. स्टँडवरचे हॉर्न आहेत, सुप्याच्या एमआयडीसीकडे जाणारे कंटेनर आहेत, लग्नसराईत रस्ता अडवून उभा असलेला डीजे आहे. जे ऐकू येऊ नये म्हणून आपण खिडक्या लावून घेतो, तेच पैसे मोजून मागवायचं आणि हेडफोन लावून ऐकायचं, याला मी हौस म्हणेन. कला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. संगीत म्हणजे आवाजांच्या पसाऱ्यातून माणसाने केलेली निवड. आपल्याच देवगिरीला यादवांच्या काळात, तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. बावीस श्रुती, त्यांतून स्वर, स्वरांतून जाती आणि राग, अशी पायरी-पायरीने केलेली ती मांडणी आहे. काय घ्यायचं यापेक्षाही काय टाकायचं, हे त्या पायऱ्यांवर ठरत गेलं. तुझी ही मंडळी टाकलेलंच उचलून आणतात आणि आपल्यापुढे मांडतात.

श्रोता : निवड इथेही होते, काका. निकष तेवढा वेगळा आहे. तुम्ही आवाजाची उंची पकडता, यांनी उंची बाजूला ठेवून पोत धरला. ही वाट काही परवा पडलेली नाही. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने १९१३ मध्ये जाहीरनामाच लिहिला की कारखान्यांच्या आणि शहरांच्या युगात वाद्यवृंदाचे मोजके स्वर कानाला अपुरे पडणार, आणि मग त्याने गुरगुरणारी, खरवडणारी यंत्रं बनवली. १९४८ मध्ये पिअर शेफरने पॅरिसच्या रेडिओ केंद्रात रेल्वेचे आवाज मुद्रित करून त्यांची रचना बांधली. फिनलंडमध्ये एर्की कुरेन्निएमीने १९६०च्या दशकात हेलसिंकी विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला आणि पुढे स्वतःची वाद्यं घडवली. १९९३ मध्ये तुर्कू शहरात मिका वाइनिओ आणि इल्पो वाइसानेन यांचा पॅन सॉनिक हा गट सुरू झाला. त्यांची कित्येक उपकरणं बाजारात मिळणारी नव्हती, त्यांच्यासाठी मुद्दाम जोडलेली होती. २००४ मध्ये त्यांनी ‘केस्तो’ हा चार सीडींचा संच काढला. जवळजवळ चार तासांचा हा प्रवास आदळआपटीपासून सुरू होतो, क्रमाने निवळत जातो आणि शेवटच्या सीडीवर एकच रचना तासभर सावकाश सरकत राहते. चार तासांचा असा उतार बांधायला निवड लागते. आज तिथून शंभर-दोनशे प्रतींच्या ज्या कॅसेट निघतात, त्या मी याच अपेक्षेने मागवते. प्रत्येकीत ती पुरी होते असं नाही. पण जिथे होते, तिथे मला काय टाकलं आणि काय ठेवलं हे स्पष्ट ऐकू येतं.

शंकेखोर : कष्ट दिसले म्हणून कला सिद्ध होत नाही, आणि इतिहास जुना असला म्हणूनही होत नाही. माझा मुद्दा अधिक मुळातला आहे. गाणाऱ्याचा पंचम किंचित उतरला तर मैफलीत शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही खटकतं. ढोलकीवाला समेवर चुकला तर फडातल्या शेतकऱ्याला ते कळतं, त्याने शास्त्र शिकलेलं नसलं तरी. म्हणजे कलाकार आणि ऐकणारा यांच्यात एक करार असतो आणि तो मोडला की दोघांनाही कळतं. तुझ्या या संगीतात चूक म्हणजे काय? तो आवाज थोडा अधिक कर्कश असता, दोन मिनिटं आधी थांबला असता, डावीकडून येण्याऐवजी उजवीकडून आला असता, तर कुणाला काय फरक पडला असता? ज्या कलेत चूक होऊ शकत नाही, तिच्यात बरोबरही काही होऊ शकत नाही. मग रियाजाला अर्थ राहत नाही, आणि ‘हे चांगलं, हे वाईट’ म्हणण्याचा तुझा अधिकारही राहत नाही.

श्रोता : हा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा तपशिलात जाते. ग्रामसभेत किंवा सप्ताहात अहुजाच्या कर्ण्यासमोर माइक आला की शिट्टी बसते आणि साउंडवाला धावत जाऊन आवाज उतरवतो. कर्ण्यातून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून कर्ण्यातून निघतो, पुन्हा शिरतो. तीच साखळी या संगीतात मुद्दाम घडवतात. साधा मिक्सर घेतात, त्याच्या आउटपुटची वायर त्याच्याच इनपुटला जोडतात. माइक नाही, वाद्य नाही, बाहेरून काही येतच नाही. गेन नखभर वाढवला की बारीक शिट्टी उठते. ट्रेबल कमी केला की ती खाली उतरून घरघरायला लागते. दोन चॅनेल एकमेकांत गुंतवले की दोन आवाजांच्या झगड्यातून ठोके पडू लागतात. ते ठोके टिकवायचे तर दोन खुंट्या एकाच वेळी उलट दिशांना फिरवाव्या लागतात, तेही इतक्या हळू की बोट हललेलं दिसू नये. घाई केली की साखळी तुटते आणि सगळं बंद पडतं, नाहीतर एकाच सपाट किंचाळीत जाऊन अडकतं आणि तिथून बाहेर येत नाही. ही चूक आहे, काका, आणि ती ऐकू येते. कसलेला हात त्या अडकण्याच्या अलीकडे, काठावर आवाजाला धरून ठेवतो. नवशिक्याच्या कॅसेटवर तो सारखा पलीकडे पडतो आणि आवाज वाढवून ते झाकतो. करार इथेही आहे, पण तो शिकायला ऐकण्याचे काही तास द्यावे लागतात. ढोलकीची सम तुम्हाला लहानपणापासूनच्या सवयीने कळते, म्हणून ती उपजत वाटते. आणि शुद्ध सुराचं म्हणाल, तर मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती कशासाठी? तार घोडीला हलकी घासत राहावी आणि तिच्यातून झणत्कार उठावा यासाठी. सूत किंचित पुढे-मागे सरकवून तो झणत्कार नेमका कुठे खुलतो ते बघतात. स्वच्छ, कोरी तार आपल्या गायकांना चालत नाही.

शंकेखोर : मिक्सरचं मान्य. तिथे कसब आहे, कसबाला चूक आहे आणि ती कानाला कळू शकते, हे तू पटवलंस. तंबोऱ्याचं मात्र मी मान्य करणार नाही. जवारीने तारेच्या अंगातले वरचे स्वर मोकळे होतात, आणि ते मूळ षड्जाशी नातं सांगणारेच असतात. जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गांधार ऐकू येतो तो त्यामुळे. ते घासणं सुरांच्या चाकरीत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये सूर आणि गोंगाट यांतला भेद सांगितला तो हाच होता. ज्या कंपनांची नियमित पुनरावृत्ती होते तो सूर, आणि जी अनियमित, एकमेकांत मिसळलेली असतात तो गोंगाट. तंबोरा पहिल्या बाजूचा आहे, तुझी कॅसेट बरीचशी दुसऱ्या. आणखी एक गोष्ट मनात येते. फिनलंडची वस्ती पंचावन्न लाखांच्या आसपास, जमिनीचा तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली. ज्यांना शांतता फुकट मिळते त्यांना गोंगाटाची भूक लागत असेल. ज्यांच्या वाट्याला शांतता येतच नाही, त्यांनी ती भूक उसनी कशासाठी घ्यायची?

श्रोता : फिनलंड म्हणजे नुसतं जंगल आणि तळी, हे आपल्या मनातलं चित्र आहे. तुर्कू जहाजबांधणीचं शहर आहे. ताम्पेरेत एकोणिसाव्या शतकापासून कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि लोक त्याला फिनलंडचं मँचेस्टर म्हणू लागले. कागदाचे कारखाने देशभर आहेत. पण तुमचा खरा प्रश्न आपल्याबद्दलचा आहे, म्हणून मी पारनेरातूनच उत्तर देते. या तालुक्यातल्या माणसाला गोंगाट ऐकता येत नाही, हे मला मान्य नाही. बोअरची गाडी शेतात उभी राहते तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. कंप्रेसरचा कान फाडणारा आवाज, त्यात हॅमरचे ठोके, बोलणं खुणांनी. घरातली सगळी माणसं कडेला उभी असतात आणि कुणीही कानात बोटं घालत नाही. मुरूम संपून काळा पाषाण लागला की ठोका कडक होतो आणि करडी भुकटी उडते. मांजऱ्या लागला की ठोका मऊ पडतो, रॉड भराभर खाली जातो. गेरू लागला तर भुकटी तांबडी होते. मग एखाद्या वेळी कोरडा आवाज दबतो, भुकटी थांबते, चिखल उसळतो. जाणता माणूस पाणी दिसण्याच्या आधी मान वर करतो, कारण त्याला ते ऐकू आलेलं असतं. त्या गोंगाटात वर्षाची कमाई आणि डोक्यावरचं कर्ज पणाला लागलेलं असतं. इतकं एकाग्र ऐकणं मी मैफलीतही क्वचित पाहिलं आहे. अनियमित आवाजाकडे कान लावणं ही आमच्या गरजेतून आलेली विद्या आहे, ती आम्ही कुणाकडून उसनी घेतलेली नाही.

शंकेखोर : दाखला चांगला दिलास, पण तो माझ्या बाजूचा आहे. बोअरच्या कडेला उभा असलेला शेतकरी आवाज ऐकत नाही, पाणी ऐकतो. आवाज हे त्याच्यासाठी साधन आहे. पाणी लागल्याची वार्ता फोनवर आली असती तर तो गाडीजवळ क्षणभरही थांबला नसता. पाचशे फुटांवर कोरडी भुकटीच निघाली, तर त्या आवाजाचा पोत किती सुंदर होता असं म्हणून तो घरी जाणार नाही. कशासाठी तरी ऐकणं आणि आवाजासाठी आवाज ऐकणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गवंडी वीट ठोकून बघतो, मेकॅनिक इंजिनाला कान लावतो, डॉक्टर छाती तपासतो. या सगळ्यांचे कान तयार असतात आणि त्या तयारीला हेतू असतो. तुझ्या कॅसेटच्या तळाशी पाणी आहे का? नसेल, तर हा बोअर कशासाठी?

श्रोता : पाणी आहे की नाही, हे आधी ठाऊक नसताना ऐकत राहणं, यालाही मी हेतूच म्हणते. आपल्या शेजारी, जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी तिची कल्पना मांडली आणि ती उभी केली. तो भाग निवडण्यामागे एक कारण असं होतं की तिथे माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. तिथल्या तबकड्यांवर जे येतं तेही कच्च्या रूपात खरखरच असते, आणि तीतून तारे शोधायचे असतात. तुम्ही म्हणाल, हाही पाणी शोधण्याचाच प्रकार. पण १९६४ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनावर एक खरखर येत होती, ती कोणत्याही दिशेला वळवलं तरी जाईना. त्यांनी सगळे जोड तपासले, अँटेनात घरटं केलेल्या कबुतरांची विष्ठासुद्धा साफ केली. खरखर राहिलीच. ती विश्वाच्या आरंभकाळातून उरलेली प्रारणं निघाली आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते काही विश्वाचा आरंभ शोधायला बसले नव्हते. पण ‘हा कचरा आहे’ म्हणून त्यांनी कान काढून घेतला असता, तर अर्थ हाती लागलाच नसता. आधी लक्ष, मग अर्थ, असा तो क्रम होता. हे संगीत मला त्या आधीच्या टप्प्यावर थांबायला शिकवतं. पुढे काही मिळेल असं वचन ते देत नाही, आणि म्हणूनच माझ्या घाईची परीक्षा होते.

शंकेखोर : लक्षाबद्दल तू म्हणतेस ते मी गांभीर्याने घेतो. पण शास्त्रज्ञाची खरखर कुणाच्या छातीवर आदळत नाही. इथून पुढचा माझा आक्षेप सौंदर्याचा नाही, नीतीचा आहे. आपल्याकडे २०००चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद. हे कागदावर आहे. मिरवणुकीत डीजेची भिंत घरासमोर उभी राहते तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरतात, तान्ही मुलं दचकून रडतात, हृदयरोगी माणूस आतल्या खोलीत जाऊन बसतो, आणि त्याला जायला दुसरी जागा नसते. कानाचं गणित तर कठोर आहे. ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत ठीक, पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ज्या समाजात गोंगाट हा दांडगाईचा सर्वांत सोपा मार्ग झाला आहे, तिथे गोंगाटाचं सौंदर्यशास्त्र मांडणं मला जबाबदारीचं वाटत नाही. शिवाय या संगीताच्या एका शाखेचा इतिहास बघ. १९८०पासून लंडनच्या व्हाइटहाउससारख्या गटांनी क्रौर्य, खून, बलात्कार यांना विषय केलं. त्या शाखेत पुढे नाझी चिन्हं मिरवणारेही निघाले, आणि फिनलंडचं भूमिगत वर्तुळ त्या वादापासून दूर राहिलेलं नाही. आवाज हिंसक आणि चित्रंही हिंसक. मग हे लक्षाचं शिक्षण आहे की दांडगाईचं?

श्रोता : चिन्हांपासून सुरुवात करते, कारण तिथे मला आडपडदा ठेवायचा नाही. छळछावण्यांची चित्रं मुखपृष्ठावर छापून ‘आम्ही फक्त आरसा दाखवतो’ म्हणणं मला मान्य नाही. आरसा दाखवणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत हेही दाखवावं लागतं. जे ते लपवतात त्यांच्या कॅसेट मी घेत नाही, आवाज कितीही कसदार असला तरी. पण डीजेचा हिशेब मात्र या संगीताच्या खात्यावर टाकू नका. डीजेवर काय वाजतं? चित्रपटगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं. सूर आहे, ताल आहे, शब्द आहेत. तुमच्या व्याख्येप्रमाणे ते अस्सल संगीत आहे, आणि तरी माणसं आतल्या खोलीत पळतात. माझी कॅसेट तुमच्या व्याख्येने गोंगाट आहे, आणि ती माझ्या कानाबाहेर जात नाही. म्हणजे घाव घालतो तो आवाजाचा प्रकार नव्हे, तर तो कुणी कुणावर लादला हे. त्याच्या उलटंही पाहा. कोणत्या आवाजाला गोंगाट म्हणायचं, हे आजवर कुणी ठरवलं? सनई-चौघडा मंगल मानला गेला. शेकोटीवर तापवून कसलेली हलगी, जी पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक मातंग समाजाने वाजवली, ती मात्र वेशीपाशी ठेवली गेली. तिच्यातली लय सनईच्या लयीहून कमी गुंतागुंतीची नव्हती. कमी होती ती वाजवणाऱ्याची पत. फ्रेंच विचारवंत जाक अताली यांनी १९७७ मध्ये संगीत, गोंगाट आणि सत्ता यांचं नातं उलगडणारं पुस्तक लिहिलं. आपल्याला ते नातं समजायला फ्रान्सला जावं लागत नाही.

शंकेखोर : हलगीबद्दल तू बोललीस त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि माझ्यासारख्यांच्या पिढीने तो ऐकून घ्यायलाच हवा. पण त्या युक्तिवादाचा पुढचा प्रवास बघ. आज डीजेची भिंत लावणारा मुलगाही नेमकं हेच म्हणतो, ‘तुमचा तो उत्सव, आमचा तो गोंगाट का?’ त्याच्या म्हणण्यातही काही अंशी सल आहे. म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. एखाद्या आवाजाला त्याच्या वाजवणाऱ्यामुळे हिणवणं हा अन्याय. आणि एखाद्या आवाजाने ऐकणाऱ्याच्या शरीराला इजा करणं, हाही अन्याय. पहिला दाखवून दुसरा माफ होत नाही. कोरठणच्या खंडोबाच्या यात्रेतली हलगी थांबवू पाहणारा आणि रात्री अकराला भिंत बंद करा म्हणणारा, हे दोघे एकाच माळेचे मणी नव्हेत. आता तुझ्या ‘लादणं’ या कसोटीकडे येतो. ऐकणाऱ्याच्या संमतीने सगळं ठरत असेल, तर तू स्वेच्छेने, पैसे देऊन, सोयीच्या आवाजात ऐकतेस ते गोंगाट उरतच नाही. ते एक शिस्तीचं, सुरक्षित संगीत झालं. मग रुसोलोपासून आजपर्यंत या मंडळींनी बंडखोरीचा जो दावा केला, तो कुठे राहिला? लादलं तर दांडगाई, न लादलं तर छंद. या दोन्हींच्या मध्ये या संगीताला उभं राहायला जागा आहे का?

श्रोता : जागा अरुंद आहे, हे मी कबूल करते. या कोंडीतून सुटका नाही असंच मला वाटतं, आणि चांगले कलाकार ती लपवत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना जो आवाज अंगावर आला, तो दहाव्या वेळी ओळखीचा होतो. तिसाव्या वेळी कामं करताना मागे लावता येतो. तेव्हा त्यातला गोंगाट संपलेला असतो आणि फक्त शैली उरते. नव्याने निघणाऱ्या कॅसेटींपैकी बऱ्याच या रोगाने ग्रासलेल्या आहेत. तीच घरघर, तीच किंचाळी, तेच काळं-पांढरं मुखपृष्ठ. बंडाचा गणवेश झालेला आहे. तरी अधूनमधून एखादी अशी येते की माझी ओळखच कामाला येत नाही. आवाज कुठून आला, कशाचा आहे, किती वेळ टिकणार, काहीच सांगता येत नाही. त्या थोड्या काळात मी नावं ठेवण्याच्या आधीच्या अवस्थेत असते. निघोजला कुकडीच्या पात्रात पावसाळ्यात पाणी रांजणखळग्यांतून घुसळत जातं, तेव्हा काठावर उभं राहून हेच होतं. खालच्या सुरातली गाज, वरचा फुत्कार, एखाद्या खळग्यातून येणारा पोकळ घुमारा हे आधी एकच धडधड वाटतं, आणि उभं राहिलं की एकेक वेगळं ऐकू यायला लागतं. संमतीने ऐकलं म्हणून ते आधीचं गोंधळणं खोटं ठरत नाही. बंड हा शब्द मोठा असेल तर तो मी सोडते. कानाची सवय मोडते, एवढाच दावा ठेवते.

शंकेखोर : मग आता माझी खरी भीती सांगतो, जी इतका वेळ इतर आक्षेपांच्या मागे होती. सवय मोडते म्हणतेस, पण ती कोणत्या दिशेने मोडते? समज, सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांखाली तू मायक्रोफोन घेऊन गेलीस. पात्याचा प्रत्येक फेरा हवेला कसा कापतो, वारा बदलला की घुमारा कसा बदलतो, हे तू टिपलंस, आणि ते सुंदर आहे असं तुला मनापासून वाटलं. समज, त्याच पायथ्याला राहणारा कुणी म्हणाला की या आवाजाने रात्री डोळा लागत नाही. त्या क्षणी तुझा तयार झालेला कान काय करील? ‘नीट ऐका, यात किती पदर आहेत’ असं सांगेल? असं तू म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण पोताची गोडी लागलेला कान त्रासाच्या तक्रारीला अरसिकपणा समजू लागतो, हा धोका खरा आहे. कारखान्याच्या मालकाला, मिरवणुकीच्या आयोजकाला असा रसिक हवाच असतो. बहिरा माणूस निदान तक्रारीच्या आड येत नाही, रसिक येतो. लक्ष देणं हा गुण आहे, मान्य. पण आवाजाकडे लक्ष देणं आणि आवाजाखाली दबलेल्या माणसाकडे लक्ष देणं, या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत की एकमेकींच्या जागा घेणाऱ्या दोन सवयी?

श्रोता : याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, पण मी स्वतःला एक कसोटी लावते. हे संगीत ऐकल्यावर रात्रीच्या लांबच्या डीजेचा खर्ज मला आधीपेक्षा लवकर आणि नेमका कळायला लागला. कानाला जाणवण्याआधी तो भिंतीतून, जमिनीतून येतो हे कळलं. तक्रार करायची तर नुसतं ‘फार आवाज आहे’ म्हणून भागत नाही. कोणता आवाज, कुठून, केव्हा, किती वेळ, हे सांगावं लागतं. बारीक ऐकणारा माणूस हे सांगू शकतो. डेसिबलचा आकडाही पुरेसा नसतो, कारण खालच्या कंपनांना सर्वसाधारण मोजणीत वजन कमी मिळतं आणि छातीत धडधडतात ती तीच. म्हणजे माझा कान पायथ्याच्या माणसाचा साक्षीदार होऊ शकतो. तो होतो की नाही, हीच कसोटी. ज्या दिवशी मला तक्रार ऐकून कंटाळा येईल आणि ध्वनिमुद्रण ऐकून येणार नाही, त्या दिवशी तुमचं म्हणणं खरं ठरलं.

शंकेखोर : कसोटी चांगली आहे, पण परीक्षक तूच आणि परीक्षार्थीही तूच. निबर झालेल्या कानाला आपण निबर झालो हे कसं कळणार? ज्याला मोठ्या आवाजाची सवय होते तो आवाज आणखी वाढवतो आणि त्याला वाटतं, पूर्वीइतकाच आहे. पण हेच मला स्वतःलाही विचारावं लागेल. निवडक सुरांत रमलेल्या माझ्या कानाने हलगीकडे, गिरणीतल्या कामगाराच्या दिवसाकडे, बोअरच्या गाडीवर रात्र काढणाऱ्या पोरांच्या कानांकडे किती वर्षं लक्ष दिलं नाही, याचाही हिशेब कुणी मांडलेला नाही. शांततेची गोडी लागलेला कानही निबर होऊ शकतो. तेव्हा मी माझा प्रश्न बदलतो. हे संगीत आहे का, हे विचारत मी सुरुवात केली होती. अजूनही मी त्याला संगीत म्हणणार नाही, पण तो वाद आता मला महत्त्वाचा वाटत नाही. कोणत्याही आवाजाची गोडी, मग ती मालकंसाची असो की मिक्सरच्या शिट्टीची, ऐकणाऱ्याला शेजाऱ्याच्या जवळ नेते की लांब, हे मला विचारायचं आहे. आणि ते कॅसेट ऐकून कळणार नाही.

श्रोता : मीही माझा दावा आवरता घेते. लक्ष देणं हे आपोआप चांगलं असतं, असं मी गृहीत धरून चालले होते. आता मला दाखवावं लागेल की खरखरीतले पदर वेगळे करणारा कान आणि पायथ्याच्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकणारा कान हे एकच आहेत. तसं ते आहेत अशी माझी श्रद्धा आहे. बोअरच्या कडेला मला तसं दिसलं, कारण तिथे आवाज ऐकणारा आणि त्या आवाजाचं बरं-वाईट भोगणारा एकच माणूस होता. हेडफोन लावला की हे दोघे वेगळे होतात. भोगणारा बाहेर राहतो आणि ऐकणारी मी आत. हे अंतर मिटवता येतं, असं मी म्हणते. तुम्ही म्हणता की ते वाढतच जातं. यातलं कोणतं खरं, ते पुढच्या लग्नसराईत, रात्री दहानंतर भिंत चालू असताना, तक्रार करायला कोण उठतं आणि तो उठला तेव्हा त्याच्याबरोबर कोण उभं राहतं, यावरून ठरेल.